मंग आते काय तुटी?

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस आधी घोड्याचं तोंड उघडतो. दत्तजयंतीला तापीच्या काठावर हा बाजार भरतो, लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात, आणि दात बघून वय, भोवरे बघून नशीब, चाल बघून किंमत असा हिशेब चालतो. देवमण हा शुभ भोवरा असलेला घोडा निघाला तर घोड्याआधी मालकाचीच मान ताठ होते. एवढ्या उलाढालीत ‘घोडा किती अश्वशक्तीचा?’ असं विचारणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलेलं नाही. हा प्रश्न फक्त मोटारवाले विचारतात, आणि त्यातही ज्यांच्याकडे आधीच एक धड चालणारी मोटार असते ते.

माझा भाचा त्यातला. शहाद्याजवळ केळी आणि ऊस, शिक्षण पुण्याचं, आणि गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक कॉन्टेसा. आजच्या पोरांना कॉन्टेसा म्हणजे काय हे सांगावं लागतं. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ पासून २००२ पर्यंत ही गाडी बनवली. घराणं विलायतेतलं, व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं. लांबलचक नाक, ऐसपैस बसकण, समोरून आली की रस्ता आपसूक मोकळा व्हावा असा थाट. पण बॉनेट उघडलं की सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. बडा घर, पोकळ वासा. पुढे इसुझूचं इंजिन आलं तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. गाडीचं बळ मागच्या चाकांवर. म्हणूनच आपल्याकडच्या हौशी मंडळींचा तिच्यावर फार जीव.

भाच्यानं तिच्यातलं मूळ इंजिन काढून मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेलं सहा सिलिंडरचं जुनं जपानी इंजिन बसवलं. आता ती स्पोर्ट्स कार झाली, असं त्याचं म्हणणं. स्पोर्ट्स कारला दोनच दरवाजे असतात अशी माझी समजूत होती. मी दरवाजे मोजले आणि गप्प बसलो. बहिणीच्या घरी चहाला गेलेल्या माणसानं दरवाजे मोजू नयेत.

आणि एका संध्याकाळी शेडपासून विहिरीपर्यंतच्या सरळ पट्ट्यावर त्यानं पहिल्या गिअरमध्ये इंजिन रेस करून क्लच सोडला. मागून ‘खाड्’ असा एकच आवाज आला. त्यानंतर इंजिन चालू, गिअर पडतोय, खाली प्रोपेलर शाफ्ट फिरतोय, आणि चाकं मात्र जागची हलेनात. केळीतली वटवाघळं तेवढी उठून उडाली.

डिफरन्शियल गेलं होतं.

ट्रकच्या मागे अडकून घाट चढला असाल तर तुम्ही डिफरन्शियल पाहिलेलं आहे. दोन चाकांच्या मध्ये, गाडीच्या पोटाखाली, चिखलानं माखलेला तो लोखंडी गोळा. इंजिनाचं कौतुक होतं, गिअरबॉक्सची चर्चा होते, टायरचे तर नवे घेतल्यावर फोटोही काढतात. या गोळ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याचं काम मात्र ऐकण्यासारखं आहे.

बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली मोकळी फिरतात. वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, आणि कोणाचं काही अडत नाही, कारण चाकांना कोणी फिरवत नसतं, बैल नुसती गाडी ओढत असतात. भानगड सुरू होते ती चाकांनाच जोर लावायचा ठरल्यावर. एकाच इंजिनानं दोन चाकं फिरवायची, आणि वळणावर दोघांनी वेगवेगळ्या वेगानं फिरायचं. हिशेब करून बघा. दोन चाकांतलं अंतर १.४ मीटर धरलं तर अर्धं वर्तुळ वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ४.४ मीटर जास्त चालतं. वळण तंग असो की ऐसपैस, फरक तेवढाच. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला निघालात की सात पायरीच्या घाटात एकेका नागमोडी वळणावर हे चार-साडेचार मीटरचं देणं चढत जातं. पण वळणं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यामुळे यशवंत तलावाशी पोचेपर्यंत दोन्ही चाकांची बरीचशी फिटाफिट झालेली असते. अशी चोख वसुली मी आमच्या पतपेढीतसुद्धा पाहिलेली नाही.

दोन्ही चाकांना जोर देऊनही वेगवेगळ्या वेगानं फिरू देण्याची ही डिफरन्शियलची युक्ती ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाची. त्यानं १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. मूळचा घड्याळजी. मोटारीचा जन्म व्हायला अजून अर्धं शतक होतं, आणि हा गृहस्थ तिच्या वळण्याची सोय करून मोकळा झाला होता.

आमच्याकडे लग्नात आशीर्वादाला उभे राहिलेले पाहुणे हमखास सांगतात, नवरा-बायको ही संसाररथाची दोन चाकं, ती सारखी चालली पाहिजेत. गेली कित्येक वर्षं मी हे मान डोलवत ऐकत आलो. भाच्याच्या प्रकरणानंतर माझ्या डोक्यात आलं, दोन्ही चाकं तंतोतंत सारखी चालली तर रथ वळणार कसा? तो सरळ जाऊन तापीत पडेल. हा विचार मी पुढच्या लग्नात माईकवरून मांडणार होतो, पण त्या लग्नात मला माईक मिळाला नाही. यामागे आमच्या घरातल्या दुसऱ्या चाकाचा हात असावा.

तर गाडी. ती शहाद्याला नेली ट्रॅक्टरला बांधून. तीनशे न्यूटन-मीटरच्या पिळाचं, म्हणजे टॉर्कचं, इंजिन असलेली स्पोर्ट्स कार पुढे ट्रॅक्टर, मागे गाडी, अशा मिरवणुकीनं गावातून निघाली. स्टिअरिंगवर भाचा. पारावरच्या मंडळींनी काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं त्याला.

दोंडाईचा रस्त्यावर नानांचं गॅरेज आहे. नानांनी उभी हयात जीप, ट्रॅक्स आणि पिकअप यांच्या पोटाखाली काढली. त्यांना फलाट लागत नाही, रॅम्प लागत नाही. एक गोणपाट अंथरलं की झालं.

“काय तुटनं भो?” नानांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी चाक हातानं फिरवून कान लावला, मग हौसिंगचं झाकण उघडलं. आधी आलं तेल. नव्वद नंबरचं तेल. गॅरेजातल्या माणसाला त्याचा वास डोळे मिटूनही ओळखू येतो, कारण त्यात गंधकाची पूरकद्रव्यं असतात. तिथे दातावर दात नुसता टेकत नाही, घसटून सरकतो. शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी पिनियन ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या क्राउन चाकाच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं ना, म्हणून. साध्या तेलाचा थर त्या दाबाखाली टिकत नाही. या तेलात आता चांदीचा वर्ख मिसळल्यासारखी लोखंडाची पूड चमकत होती. नानांनी दोन बोटांनी तेल चोळलं, उन्हात धरलं आणि तळातून एक तुकडा काढून भाच्याच्या तळहातावर ठेवला. पिनियनचा दात. मुळापासून निघालेला, तुटलेली बाजू करड्या रंगाची, दाणेदार, कोरडी. “हा झिजून गेला नाही,” नाना म्हणाले. “झिजलेल्याची कड गुळगुळीत असते. हा एका झटक्यात गेला.”

यात गाडीच्या कंपनीचा काडीचा दोष नाही. त्या डिफरन्शियलनं शंभरेक न्यूटन-मीटर पिळाच्या इंजिनाशी संसार करायचं कबूल केलं होतं. भाच्यानं आणलं तीनशेचं. शिवाय इंजिनाचा पीळ आहे तसा मागे पोचत नाही. पहिला गिअर त्याला साडेतीन पट करतो, क्राउन-पिनियन आणखी चौपट. तीनशेचे झाले चार हजार दोनशे. म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला सव्वाचार क्विंटल वजन टांगलं तर जो पीळ बसेल तो. नंदुरबारच्या मिरची बाजारात हा आकडा सांगितला तर हमालही ‘दोन खेपा करू’ म्हणतील.

आता प्रश्न उरला दुसरं, जास्त मजबूत डिफरन्शियल कोणतं घ्यायचं. इथून पुढचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. भाच्याची यादी तयारच होती, आणि ती स्थळांच्या यादीसारखी लांबून लांबून आलेली होती.

पहिलं नाव अमेरिकेचं. फोर्डचं नऊ इंची. १९५७ मध्ये आलं आणि शर्यतवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. नऊ इंच हा क्राउनचा व्यास. शिवाय त्याचा सगळा गाभा पुढच्या बाजूनं एकसंध बाहेर काढता येतो. शर्यतीच्या दिवशी एक रिशो, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांचं एक प्रमाण, घरी येताना दुसरा. दुसरं नाव जपानचं, निस्सानचं आर २००, म्हणजे क्राउन २०० मिलिमीटर. त्याचा धाकटा भाऊ आर १८०. जुन्या डॅटसन गाड्यांत ताकद वाढवली की लोक धाकट्याला काढून थोरल्याला बसवतात. माझदाच्या मिआटाची गोष्ट त्यानं मला दोनदा सांगितली: पहिल्या १.६ लिटरच्या गाडीत सहा इंची क्राउन होता, १९९४ च्या मॉडेलला १.८ लिटरचं इंजिन दिलं तेव्हा कंपनीनंच तो सात इंची केला. “म्हणजे मामा, इंजिन वाढलं की क्राउन वाढवायचा, हे कंपनीलाही मान्य आहे.” अमेरिकेत इंचात, जपानात मिलिमीटरमध्ये मोजतात. नानांनी भाच्याच्या तुटक्या क्राउनवर आपली वीत ठेवली, अंगठा जरासा बाहेर राहिला, आणि म्हणाले, “ल्हान शे.”

नानांचं स्थळ गावातलंच होतं. पिकअपचं किंवा जुन्या जीपचं मागचं हौसिंग. आपल्या भागात जीपच्या हाडापेराची परीक्षा ज्या शाळेत होते ती शाळा जगात दुसरीकडे नाही. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या तेव्हा त्या कारखान्यात कोणाच्या स्वप्नातही मोलगी नसेल. पण अक्कलकुव्याहून देवगोई घाटानं मोलगी, तळोद्याहून चांदसैली घाटानं धडगाव, या रस्त्यांवर कमांडर जीपगाड्यांनी जे वाहिलं ते बघायला हवं होतं. आत माणसं, टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, मधल्या फटीत आमचूरच्या गोण्या, कोंबड्या आणि एखादं करडू. आठवडे बाजाराच्या दिवशी चालकाला स्टिअरिंग धरायला हात सोडून उरलेला सगळा देह बाहेर ठेवावा लागे. हे बेकायदा होतं आणि धोक्याचंही होतं, त्यात अपघात झाले, माणसं गेली. त्याचं कौतुक मी करत नाही. पण त्या ओझ्याखाली कोणतं लोखंड टिकतं आणि कोणतं नाही, याचं ज्ञान नानांना फुकट मिळालं.

भाच्याला अर्थातच हे स्थळ पसंत नव्हतं. पुण्याच्या मित्रांना काय सांगायचं, कॉन्टेसाला पिकअपचं डिफरन्शियल?

त्याच्या शंका मात्र अगदीच पोकळ नव्हत्या. जीपचं हौसिंग जड. मागचा अख्खा कणा जड झाला की खड्ड्यात चाक उचललं जायला वेळ लागतो, गाडी उड्या मारते. जुन्या विलीज घडणीच्या जीपचं तर डिफरन्शियल मधोमध नसतंच, उजवीकडे सरकलेलं असतं, कारण तिच्या ट्रान्सफर केसमधून शाफ्टच उजवीकडून निघतो. जीपच्या चाकाला पाच नट, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर. ते कॉन्टेसाच्या रिमला कुठून जुळणार? आणि मग आला रिशो.

“रिशो काय शे?” हा नानांचा आवडता प्रश्न. ते पाहुण्याला कूळ विचारावं तसं प्रत्येक हौसिंगला रिशो विचारतात. जुन्या सीजे जीपचा ५.३८. म्हणजे क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. हे आकडे असे अडनिडे का, म्हणून मी विचारलं. ४० आणि ८ असते तर हिशेब सोपा झाला नसता का? नानांनी हातातला पाना खाली ठेवला. मास्तर माणसाला शिकवायची संधी रोज येत नाही. ४० आणि ८ असले तर पिनियनचा एकेक दात जन्मभर क्राउनच्या त्याच पाच दातांवर आदळत राहील. त्यातला एक जरी खडबडीत असला तरी तो समोरच्याला तिथेच कुरतडत बसेल. ४३ आणि ८ मध्ये सामाईक भाजक नाही, म्हणून आठांतल्या प्रत्येकाला त्रेचाळीसांतल्या प्रत्येकाशी गाठ घ्यावीच लागते. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. मसावि हा धडा मी कितीतरी वर्षं पाचवीच्या मुलांच्या गळी उतरवला, पण त्याचा उपयोग काय, हे मला दोंडाईचा रस्त्यावर गोणपाटावर बसून कळलं. पोरांनो, आता कळवतो.

पण ५.३८ रिशोची गाडी बैलासारखी ओढते आणि बैलासारखीच पळते. भाच्याला वेग हवा, म्हणजे चाराच्या खालचा रिशो. त्यात आणखी एक गंमत. एवढ्याच हौसिंगात रिशो मोठा हवा तर पिनियन बारीक करावं लागतं, कमी दातांचं, आणि बारीक पिनियन लवकर तुटतं. म्हणजे ओढीसाठी जो बदल करावा तोच हाड कमजोर करतो. मजबुती, वेग आणि ओढ या तिघांना एका हौसिंगात नांदवायचं म्हणजे कोणीतरी रुसणारच.

मग विषय निघाला लॉकचा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधण्याचा. साध्या डिफरन्शियलचा एक स्वभावदोष आहे: ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. एक चाक चिखलात गेलं की त्या चाकाला फिरायला जेवढा थोडा पीळ लागतो, तेवढाच कोरड्यावरच्या चाकाला मिळतो. चिखलातलं गरगर फिरतं, कोरड्यावरचं मख्ख उभं. पावसाळ्यात धडगावकडे अडकलेल्या प्रत्येकानं हे पाहिलेलं आहे. जुने चालक हलकासा हॅन्डब्रेक ओढून फिरणाऱ्या चाकाला अडवतात, म्हणजे पीळ वाढतो आणि दुसऱ्यालाही मिळतो. विलीज घडणीच्या जीपमध्ये मात्र ही चलाखी चालत नाही, तिचा हॅन्डब्रेक चाकांवर नसून शाफ्टवरच असतो.

भाचा आम्हाला समजावू लागला. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी झेडएफ या जर्मन कंपनीकडून घसरण रोखणारं डिफरन्शियल करून घेतलं. पुढे अमेरिकेत व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये नुसत्या गिअरांच्या जोरावर चालणाऱ्या टॉर्सनचं पेटंट घेतलं. आता नव्या थारला मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल मिळतं. नाना शांतपणे ऐकत होते. ज्या ट्रॅक्टरनं गाडी ओढून आणली त्याचा चालक बाजूला बिडी पेटवत उभा होता. तो म्हणाला, “दादा, हाई तं आपला ट्रॅक्टरले बी शे.” आणि त्यानं सीटखाली टाचेजवळचा छोटा पेडल दाबून दाखवला.

खरंच आहे. ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक असतो, आणि नांगरताना एक चाक सरीत, एक काठावर असं चालवणाऱ्या शेतकऱ्याची टाच तो पेडल न बघता शोधते. वळताना सोडायचा, नाहीतर काहीतरी तुटतं, हेही त्याला ठाऊक. त्याच्या पायाशी ब्रेकसुद्धा दोन असतात, डाव्या चाकाचा निराळा, उजव्याचा निराळा; आतल्या चाकाचा दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. जी करामत भाचा परदेशातून मागवायला निघाला होता ती त्याच्या घरच्या उसात रोज चालू होती. फक्त तिथे ती ताशी सहा किलोमीटरनं होते आणि कोणी व्हिडिओ काढत नाही.

गॅरेजातल्या एका पोरानं स्वस्तातला उपाय सुचवला: आतली छोटी स्टार गिअरं वेल्डिंग मारून जाम करून टाकू. घसरगुंडीचे, म्हणजे ड्रिफ्टिंगचे, खेळ करणारे असं करतात. मग दोन्ही चाकं जन्माची बांधलेली. प्रत्येक वळणावर एक टायर किंचाळणार आणि एक्सल पीळ खात राहणार. नानांनी त्या पोराला चहा आणायला पाठवलं.

एवढं झाल्यावर भाच्यानं कागद काढला. फोर्डचं नऊ इंची, बोटीनं येईल, जकात अमुक, मग काहीही झालं तरी तुटणार नाही. नानांनी कागद वाचला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मंग आते काय तुटी?” मग आता काय तुटेल?

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न हा एकच होता.

कारण पीळ कुठे जात नाही. क्राउन-पिनियन अभंग केलं की तो एक्सल शाफ्टवर जातो. एक्सल जाड केले की प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंट क्रॉसवर. तोही भारी घातला की गिअरबॉक्सवर, आणि तिथला खर्च डिफरन्शियलच्या कितीतरी पट. साखळीत एक कडी कच्ची राहणारच. माणसाच्या हातात एवढंच आहे की ती कोणती असावी हे आधी ठरवायचं. नाना ज्या घाटाच्या चालकांना ओळखत होते त्यांच्या सीटखाली एक जॉइंट क्रॉस आणि दोन पाने असायचे. तुटला तर चांदसैलीच्या वळणावर, मोबाइलला रेंज नसताना, अर्ध्या तासात बदलता येईल अशी ती वस्तू. तुटायला त्यांनी तिलाच नेमलेलं होतं. त्याहून स्वस्त म्हणजे क्लच: तो आधी घसरला तर नुसता वास येतो, आणि वासाला पैसे पडत नाहीत. त्याहूनही स्वस्त उपाय नानांनी जाता जाता सांगितला. “टायर गुळगुळीत ठेव, डिफरन्शियल शंभर वरीस चाली.” यात विनोद नव्हता. चाक जमिनीवर घसरलं की पीळ तिथेच धुरात जातो. टायर जमीन घट्ट धरून बसला की तो मागे वळून लोखंडात शिरतो. भाच्यानं इंजिनाबरोबर रुंद, चिकट, महागडे टायर घेतले होते. दात तुटण्यात त्यांचाही वाटा होता, पण टायरवर कोणी संशय घेतला नव्हता.

शेवटी नऊ इंचीचा कागद घडी होऊन खिशात गेला. ठरलं ते पिकअपचं हौसिंग, दोन्ही बाजूंनी कापून कॉन्टेसाच्या मापाचं केलेलं, एक्सल नव्यानं बनवून घेतलेले, क्लच मुद्दाम हलका, टायर मूळ मापाचे. रिशो भाच्याला हवा तेवढा बसला नाही. वरचा वेग घटला. विहिरीपर्यंतच्या पट्ट्यावर तो तसाही लागणार नव्हता.

बसवण्याचं काम बघायला मी मुद्दाम गेलो. डिफरन्शियल विकत घेणं सोपं, बसवणं कठीण. पिनियन किती आत, क्राउन किती डावीकडे, हे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिम घालून आणि काढून ठरतं. दोन दातांमध्ये किंचित मोकळीक ठेवायची, मिलिमीटरच्या सहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी. कमी ठेवली तर दात तापून खातात, जास्त ठेवली तर दर वेळी क्लच सोडताना एकमेकांवर आपटतात. मग नानांनी तेलात कालवलेला शेंदूर बोटानं क्राउनच्या चार-पाच दातांना फासला आणि पिनियन हातानं फिरवलं. शेंदूर पुसला गेला तिथे दाताला दात लागला. डाग दाताच्या मधोमध हवा. पहिल्या खेपेला तो टोकाकडे गेला. सगळं खोललं, एक शिम बदलली, पुन्हा शेंदूर. असं तिसऱ्या प्रहरापर्यंत चाललं होतं. आमच्या सातपुड्यात शेंदूर लागला की दगडालाही नैवेद्य मिळतो. इथे शेंदूर लावून नाना देवालाच खोटं ठरवत होते, आणि पुन्हा पुन्हा खोलत होते.

भाच्याची गाडी आता चालते. रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं गाडीच्या मूळ घडणीत असा फेरफार करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. नंदुरबारच्या एमएच ३९ च्या कागदावर जे इंजिन लिहिलंय ते आता गाडीत नाही, तेव्हा तिची सीमा गोठा ते विहीर. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यती होतात, तिथे ट्रेलरवर घालून न्यायचा त्याचा बेत आहे. नेणाऱ्या वाहनाचं डिफरन्शियल कसं आहे, ते मात्र अजून कोणी पाहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी जुन्या बाजारात डिफरन्शियल घ्यायला जाणार असेल तर नानांचा निरोप सांगून ठेवतो. क्राउन-पिनियनची जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते, आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. खराब क्राउनला दुसऱ्याचं चांगलं पिनियन लावून कोणी देत असेल तर ते कितीही चकचकीत दिसो, घेऊ नका. दात मोजा, दातांच्या मुळाशी नख फिरवून चीर आहे का बघा, नंबर जुळवा, आणि मगच भाव विचारा. आणि बसवल्यावर पहिल्या हजार किलोमीटरला तेल बदला.